सक्तीचे बालस्थलांतर आणि ऐतिहासिक नाटक : चित्रण व प्रतिनिधित्व यांचा विचार

मराठी ऐतिहासिक नाटकात मूल येते ते बहुधा वारस म्हणून येते. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) या नाटकापासून वसंत कानेटकर यांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) या नाटकापर्यंतची परंपरा पाहिली, तर तिचे लक्ष प्रामुख्याने गादी, घराणे आणि रणांगण यांवर खिळलेले दिसते. ज्या मुलास गादी नाही, ज्याचे नाव कोणत्याही वंशावळीत नाही, आणि ज्यास सत्तेने, युद्धाने अथवा दुष्काळाने एका मुलखातून उचलून दुसऱ्या मुलखात नेऊन ठेवले, असे मूल या परंपरेत क्वचितच बोलते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र जगाच्या रंगभूमीवर आणि चित्रपटांत हा विषय वारंवार आलेला आहे, आणि त्याबरोबरच एक वादही आला आहे : अशा कलाकृतीत कोणकोणत्या जातीधर्माची, वर्णाची व भाषेची माणसे दिसली पाहिजेत, आणि त्यांच्या भूमिका कोणी कराव्यात? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाराष्ट्राशी व जुन्या मध्य प्रांताशी संबंध असलेल्या दोन घटनांच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेची मर्यादा आखून घेणे आवश्यक आहे. मुलांच्या स्थलांतराचा निर्णय सामान्यतः वडीलधारेच घेतात. तेवढ्याने ते स्थलांतर सक्तीचे ठरत नाही. जेथे मुलाचे पालक मृत, दूर अथवा हतबल आहेत, आणि 'नाही' म्हणण्याचे सामर्थ्य मुलाच्या बाजूच्या कोणापाशीच उरलेले नाही, तेथे सक्तीचे बालस्थलांतर घडते असे म्हणता येईल. या व्याख्येत शिक्षा म्हणून केलेली हद्दपारी जशी येते, तशी उद्धाराच्या हेतूने केलेली उचलही येते. हेतू भिन्न असले तरी मुलाच्या बाजूने पाहता निर्णयाधिकाराचा अभाव दोन्हीकडे सारखाच असतो. नाटककारापुढील अडचणीचे मूळ याच ठिकाणी आहे.

१. दोन शब्द, दोन प्रश्न

या विषयाची चर्चा करताना मराठीस एक सोय आहे. 'चित्रण' आणि 'प्रतिनिधित्व' हे दोन शब्द आपणांपाशी स्वतंत्र आहेत. चित्रण म्हणजे एखाद्याचे रूप, वेष, बोली आणि आचार रंगमंचावर उभा करणे. प्रतिनिधित्व म्हणजे त्याच्या वतीने, त्याच्या अधिकाराने उभे राहणे. एखाद्या समाजाचे चित्रण विपुल असूनही त्याचे प्रतिनिधित्व शून्य असू शकते. जुन्या नाटकांतील विनोदी नोकर रंगमंचावर भरपूर वावरतो, परंतु घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकार त्यास कधीच दिला जात नाही. उलट, एखादे पात्र प्रत्यक्ष न दिसताही त्याची बाजू नाटकाच्या रचनेत प्रभावीपणे मांडलेली असू शकते.

विविधतेची मागणी बहुधा पहिल्या प्रश्नाची असते : किती प्रकारची माणसे दिसतात? ती मागणी गैर नव्हे. पण सक्तीच्या बालस्थलांतराच्या बाबतीत ती अपुरी आहे, आणि काही वेळा दिशाभूल करणारीही आहे. कारण अशा स्थलांतराच्या मुळाशी बहुधा एक निवड असते. कोणास न्यावयाचे, कोणास ठेवावयाचे, कोणास कोणत्या मार्गाने धाडावयाचे, हे धर्म, वर्ण, वंश अथवा नागरिकत्व यांच्या चाळणीने ठरविलेले असते. ती चाळणी हाच इतिहासाचा गाभा होय. रंगमंचावर सर्व प्रकारची माणसे सारखी वाटून दिली आणि चाळणी मात्र दृष्टिआड केली, तर नाटक दिसावयास उदार आणि अर्थाने असत्य होते. अशा नाटकात प्रतिनिधित्वाची पहिली कसोटी ही, की ते चाळणी दाखविते काय. या लेखाचे मुख्य प्रतिपादन एवढेच आहे. पुढील विवेचन त्याच्या आधारासाठी आहे.

२. वळिवड्याची छावणी

कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. तीत सुमारे ५,००० माणसे राहिली. त्यांत स्त्रिया व मुले यांचा भरणा अधिक होता. या माणसांचा प्रवास समजून घेतल्यावाचून छावणीचा अर्थ कळत नाही. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंडमध्ये प्रवेश केला. १९४० व १९४१ या वर्षांत तेथील लक्षावधी रहिवाशांस सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी दूरच्या प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर, ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार व सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला आणि या कैद्यांस मुक्तता मिळाली. जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये लाखाहून अधिक माणसे इराणमध्ये आली. त्यांत आईबाप गमावलेली मुले पुष्कळ होती. काही मुले खुष्कीच्या मार्गाने मुंबईस आणली गेली आणि १९४२ च्या मध्यास जामनगरचे महाराजा दिग्विजयसिंहजी यांच्या आश्रयाने बालाचडी येथील छावणीत स्थिरावली. पुढील वर्षी वळिवड्याची छावणी सुरू झाली, आणि १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील बरीच मुले वळिवड्यास आली.

या हकीकतीत सक्तीचे स्वरूप तीनदा पालटते. प्रथम ती शिक्षा आहे, नंतर सुटका आहे, आणि शेवटी व्यवस्था आहे. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, इस्पितळ होते, बालवीरांची पथके होती. असे असूनही पुढे कोठे जावयाचे हे मुलांस ठरविता येत नव्हते. १९४५ मध्ये मित्रराष्ट्रांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि ज्या देशाची मुले म्हणून त्यांचा सांभाळ चालला होता तो देश कोणता, हाच प्रश्न निर्माण झाला. नाटककाराने या तिन्ही अवस्था एकाच करुण रंगात रंगविल्या तर मुलांच्या अनुभवातील मुख्य फरक पुसला जाईल. शिक्षा करणारा शत्रू म्हणून ओळखता येतो. सुटका करणाऱ्यापुढे मात्र तक्रार करता येत नाही. अनाथ मुलाची दुसरी कोंडी पहिलीपेक्षा नाट्यदृष्ट्या अधिक सूक्ष्म आहे.

आता चाळणीचा विचार करू. वळिवड्याची छावणी बहुतांशी रोमन कॅथलिक पोलिश लोकांची होती. परंतु ज्या पूर्व पोलंडमधून ही माणसे हद्दपार झाली तो प्रदेश एकजिनसी नव्हता; तेथे पोलिश, युक्रेनियन, बेलारूशियन व ज्यू अशी मिश्र वस्ती होती. मग छावणीत ही विविधता का दिसत नाही? याचे एक कारण असे, की डिसेंबर १९४१ मध्ये सोव्हिएत सरकारने अशी भूमिका घेतली की त्या प्रदेशातील केवळ वंशाने पोलिश असलेल्यांसच पोलिश नागरिक मानले जाईल. इतरांस बाहेर पडणे त्यामुळे कठीण झाले. दुसरे असे, की इराणपर्यंत पोहोचलेल्या ज्यू मुलांची वाट पुढे वेगळी झाली. 'तेहरानची मुले' या नावाने ओळखला जाणारा सातशेहून अधिक ज्यू मुलांचा समूह जानेवारी १९४३ मध्ये तेहरानहून निघाला, इराकमधून जाण्यास परवानगी न मिळाल्याने समुद्रमार्गे कराचीस आला, आणि तेथून सुवेझमार्गे फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाइनला पोहोचला. म्हणजे एकाच हद्दपारीतून वाचलेली मुले एकाच वर्षी अखंड हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली, आणि धर्मपरत्वे भिन्न दिशांस गेली.

छावणीवरील नाटकात एक ज्यू मुलगा, एक युक्रेनियन मुलगी अशी पात्रे घालून विविधता साधता येईल. तसे एखादे पात्र अशक्य कोटीतील होते असेही नाही. परंतु त्याने छावणीचा एकजिनसीपणा ही नैसर्गिक गोष्ट नसून निवडीचा परिणाम होता, हे सत्य झाकले जाईल. त्याऐवजी तेहरानच्या अंकात दोन मित्र दाखवावेत, दोन याद्या वाचल्या जाव्यात, आणि वळिवड्याच्या अंकात त्यांतील एकाची जागा रिकामी राहावी. रिकामी जागा हेच तेथे प्रतिनिधित्व होय.

३. यजमानाचे चित्रण

वळिवड्याची कथा मराठीत सांगताना आणखी एक मोह होतो. तो म्हणजे आतिथ्याच्या अभिमानाचा. हे आतिथ्य खोटे नव्हते. छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढे वार्धक्यातही कोल्हापूरच्या आठवणी जिव्हाळ्याने जपल्या. वॉर्सा येथे जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, कोल्हापूरच्या स्मरणार्थ स्मारक आहे, आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी या दोन्ही ठिकाणी आदरांजली वाहिली. स्मारकाची भाषा कृतज्ञतेची असते व तशीच ती असावी. नाटकास मात्र त्यापलीकडे जावे लागते.

वस्तुस्थिती अशी, की १९४३ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन छत्रपती होते आणि संस्थानाचा कारभार रीजन्सीच्या हाती होता. छावणीच्या खर्चाची जबाबदारी प्रथम लंडनमधील पोलिश सरकारची होती, आणि निर्वासितांस कोठे ठेवावयाचे हा निर्णय ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या संमतीवाचून होऊ शकत नव्हता. तेव्हा 'राजाने आश्रय दिला' या एका वाक्यात सारा व्यवहार बसविणे सोपे असले तरी यथार्थ नाही. दुसरी गोष्ट याहून बोचणारी आहे. ज्या वर्षी वळिवड्यास छावणी उघडली, त्याच १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मरण पावली, आणि गावे सोडून निघालेली मुले कलकत्त्याच्या पदपथांवर आली. बिजन भट्टाचार्य यांच्या 'नबान्न' (१९४४) या नाटकाने त्याच स्थलांतराचे दर्शन घडविले. एकाच राजवटीखाली, एकाच वर्षी, काही मुलांसाठी छावणी उभी राहिली आणि काहींसाठी अन्नछत्रही वेळेवर उभे राहिले नाही. यात पोलिश मुलांचा अपराध काहीच नाही, आणि त्यांच्या दुःखाची किंमतही त्याने कमी होत नाही. पण वळिवड्यावरील भारतीय नाटकात बंगालचा उल्लेखच नसेल, तर यजमानाचे चित्रण अपुरे राहील.

छावणीच्या कुंपणाबाहेरील माणसांचाही असाच विचार करावा लागतो. दूध, भाजी व सरपण पुरविणारे, मजुरी करणारे, शेजारच्या गावांतील लोक छावणीच्या जीवनाचा भाग होते. त्यांच्याविषयीचे जे उल्लेख मिळतात ते मुख्यतः छावणीवासीयांच्या आठवणींतून. छावणीतील माणसे पुढे ब्रिटनमध्ये संघटित झाली, त्यांनी आपल्या आठवणींचा ग्रंथ सिद्ध केला, त्यांच्यावर माहितीपट निघाले. गावकऱ्यांच्या वाट्यास असा ग्रंथ आला नाही. कागदोपत्री पुराव्याशी काटेकोर इमान राखणारा नाटककारही त्यामुळे नकळत विषमतेचा वाहक बनतो. शिवाय कथा १९४८ मध्ये संपत नाही. पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीत फाळणीमुळे सिंध सोडून आलेली कुटुंबे राहावयास आली, आणि त्या वस्तीचे पुढे गांधीनगर झाले. त्याच भिंतींच्या आत निर्वासित मुलांची दुसरी पिढी वाढली. एकाच नेपथ्यावर दोन स्थलांतरे दाखविण्याची अशी संधी इतिहास क्वचितच देतो.

४. गोऱ्या मुलांची बोट आणि काळ्या मुलांचे कुंपण

चाळणी झाकल्याने काय होते, याचे अधिक स्पष्ट उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात सापडते. ब्रिटनमधील अनाथालयांतील व गरीब घरांतील मुले धर्मसंस्था आणि सेवासंस्था यांच्यामार्फत ऑस्ट्रेलियास पाठविण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरही चालू होती. पुष्कळ मुलांस आईबाप मेले असे सांगितले गेले, वास्तविक ते जिवंत होते. नॉटिंगहॅम येथील समाजसेविका मार्गारेट हंफ्रीज यांनी १९८६ पासून या प्रकरणाचा शोध घेतला. त्यावर 'ऑरेंजेस अँड सनशाइन' हा चित्रपट २०१० मध्ये आला.

या विषयावर आज कोणी नाटक लिहिले आणि बोटीवरील मुलांत सर्व वर्णांची मुले दाखविली, तर ते औदार्य इतिहासावर अन्याय करील. १९०१ पासून ऑस्ट्रेलियाचे धोरण गोऱ्यांखेरीज इतरांस प्रवेश न देण्याचे होते, आणि ही मुले हवी होती ती गोरी प्रजा वाढविण्यासाठीच. त्यांचा वर्ण हा योगायोग नव्हता, ते त्यांच्या निवडीचे कारण होते. त्याच देशात आदिवासी मुलांस त्यांच्या आयांपासून तोडून सरकारी वसाहतींत ठेवले जात होते. १९३१ मध्ये अशा वसाहतीतून पळून सशांच्या कुंपणाकाठाने घराकडे चालत निघालेल्या तीन मुलींची कथा 'रॅबिट-प्रूफ फेन्स' (२००२) या चित्रपटात आली, आणि त्या भूमिका आदिवासी मुलींनीच केल्या. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी हिरावून नेलेल्या आदिवासी पिढ्यांची, आणि १६ नोव्हेंबर २००९ रोजी संस्थांत वाढलेल्या व बोटीने आलेल्या मुलांची क्षमा मागितली. क्षमायाचना दोन झाल्या, पण धोरण एकच होते : एका वर्णाची मुले आणावयाची आणि दुसऱ्या वर्णाच्या मुलांचा वंशसंबंध तोडावयाचा. जे नाटक या दोन कथा शेजारीशेजारी ठेवील ते विविधतेची मागणीही पुरी करील व सत्याचीही.

५. मध्य प्रांतातील दुष्काळाची मुले

वळिवड्याच्या मुलांनी निदान आपली कहाणी आपण सांगितली. आता ज्या मुलांची कहाणी त्यांच्या शब्दांत जवळजवळ उरलेलीच नाही, त्यांच्याकडे वळू. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. ब्रिटिश अमदानीत हा मुलूख मध्य प्रांतात मोडत असे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांतास ग्रासले, आणि अनाथ मुलांचा प्रश्न उभा राहिला.

पंडिता रमाबाई त्या वेळी पुण्यास शारदा सदन चालवीत होत्या. त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांचा अंत दुष्काळाच्या दिवसांत झालेला होता. १८९७ च्या सुमारास त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली व बालविधवा त्यांनी आणविल्या. पुण्यात प्लेगचे दिवस असल्याने त्यांची सोय केडगाव येथे करण्यात आली; 'मुक्ती'ची वाढ त्यातूनच झाली. त्याच वर्षी लाला लजपतराय यांच्या पुढाकाराने आर्यसमाजी कार्यकर्त्यांनी मध्य प्रांतातील अनाथ हिंदू मुले पंजाबातील अनाथालयांकडे नेली. मुले ख्रिस्ती संस्थांच्या हाती पडू नयेत हा त्यातील एक उघड हेतू होता. अन्य मुले प्रांतातीलच मिशनऱ्यांच्या अनाथालयांत राहिली. एकाच प्रांतातील भुकेले मूल अशा रीतीने पश्चिमेस गेले तर मराठी मुलखातील ख्रिस्ती संस्थेत वाढे, आणि वायव्येस गेले तर पंजाबात आर्यसमाजी शिक्षण घेई. धर्म, भाषा व पुष्कळदा नावही त्यास कोणी नेले यावर अवलंबून राही.

या घटनेवर नाटक लिहावयाचे तर नायिका म्हणून रमाबाई अथवा नायक म्हणून लजपतराय सहजच पुढे येतात. त्यांची चरित्रे उपलब्ध आहेत, त्यांची भाषा प्रभावी आहे, त्यांच्यातील विरोध तीव्र आहे. परंतु हे नाटक उद्धारकांचे होईल, मुलांचे नव्हे. त्यातही विविधतेचे एक महत्त्वाचे सत्य निसटण्याचा धोका आहे. १८८९ मध्ये स्थापन झालेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. दुष्काळाने आणलेल्या मुलींमुळे संस्थेची जातीय घडण पालटली, आणि मराठी मुलखातील संस्थेत हिंदी मुलखातील बोली बोलणाऱ्या मुली आल्या. मराठी नाटकात या सर्वच मुली पहिल्या प्रवेशापासून प्रमाण मराठी बोलू लागल्या, तर त्यांच्या स्थलांतराचा अर्धा अर्थ तेथेच नाहीसा होईल.

नाटककारापुढे दुसरा प्रश्न नावांचा आहे. ज्यांची नावे नोंदली गेली नाहीत, किंवा नोंदली गेली ती नवी, त्यांस काल्पनिक नावे द्यावीत काय? कल्पनेचा अधिकार नाटककारास आहेच. तथापि येथे सुंदर नाव देऊन उणीव भरून काढण्यापेक्षा ती उणीव प्रेक्षकास जाणवू देणे अधिक सत्यनिष्ठ ठरेल. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकातील माणसांच्या भिंतीने समूहास पात्र बनविण्याची रीत मराठी रंगभूमीस दाखवून दिली आहे. निनावी मुलांचा असा समूह, ज्यातून एखादे मूल क्षणभर पुढे येते, बोलते आणि पुन्हा समूहात मिसळते, हा या विषयास अनुरूप आकृतिबंध होय.

६. भूमिका कोणी करावी?

आता वादाच्या दुसऱ्या अंगाकडे येऊ. पोलिश मुलाची भूमिका मराठी मुलाने करावी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक घटना नजरेआड करता येत नाही. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्साच्या ज्यू वस्तीत, यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयातील मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक पोलिश भाषेत केले. काही आठवड्यांतच, ऑगस्टच्या आरंभी, ती मुले व कोर्चाक यांची रवानगी त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत झाली. अमल हा बंगाली मुलगा आहे, पोरका आहे, खोलीत कोंडलेला आहे, आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो आहे. ज्यू मुलाने त्याची भूमिका केली म्हणून अमलचे प्रतिनिधित्व खोटे ठरले असे कोण म्हणेल? त्याच महिन्यांत पोलंडमधून हद्दपार झालेली दुसरी मुले बालाचडीस येऊन पोहोचत होती. वंशाची एकरूपता ही अभिनयाची अट होऊ शकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

परंतु यावरून कोणीही कोणाचीही भूमिका करावी असा सरसकट नियम निघत नाही. माझ्या मते भेद असा करावा : जो दूर आहे अथवा हयात नाही, ज्यास रंगमंचावर येता येणे शक्य नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने उभे राहणे हे प्रतिनिधित्व; जो हाकेच्या अंतरावर आहे आणि स्वतः बोलू शकतो, त्यास वगळून त्याच्या जागी बोलणे हे अतिक्रमण. गोंदिया जिल्ह्यापुरते उदाहरण घ्यावयाचे तर अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव–प्रतापगड परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. पोलिश मुलाची भूमिका कुडव्याच्या मुलाने केली तर त्यात दोष नाही. तिबेटी मुलांच्या स्थलांतरावर नाटक करताना मात्र त्या वसाहतीतील कोणास न विचारता, न बोलाविता केले, तर तो दोष ठरेल. गोंड समाजाविषयीही हेच म्हणता येईल.

७. कुडव्याच्या प्रेक्षकापुढे

शेवटी प्रयोगाचा विचार करू. गोंदिया शहरास लागून असलेल्या कुडवा या गावी असे नाटक उभे राहिले अशी कल्पना करा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी जिवंत आहे. सुगीनंतर, मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने, रात्रभर चालणारे तिचे प्रयोग तिकीट काढून पाहिले जातात. वडसा हे तिच्या नाट्यमंडळांचे मोठे केंद्र आहे. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिच्या मागे दंडारीसारखी जुनी लोकनाट्ये आहेत. गाणे, गद्य, विनोद आणि करुण यांची सरमिसळ येथील प्रेक्षकास परकी वाटत नाही.

नागर रंगभूमीपाशी नसलेले एक साधन येथे हाताशी आहे, ते म्हणजे बहुभाषिक प्रेक्षक. या मुलखात झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी या भाषा शेजारीशेजारी वावरतात. त्यामुळे दुष्काळातील मुलगी आपल्या बोलीत बोलू लागली तर काहींस ती पूर्ण समजेल, काहींस अर्धवट, काहींस मुळीच नाही. आणि प्रेक्षक आपल्या शेजाऱ्यास 'काय म्हणते ती?' असे विचारू लागेल. केडगावी उतरलेल्या मुलीची जी स्थिती, तीच काही क्षण प्रेक्षकाची होईल. पुढे ती मराठी शिकेल, आणि अखेरच्या प्रवेशात गावाकडचा कोणी नातलग तिला शोधीत आला तर त्याचे बोलणे तिलाच उमगणार नाही. डायन सॅम्युएल्स यांच्या 'किंडरट्रान्स्पोर्ट' (१९९३) या इंग्रजी नाटकात जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला धाडलेली एव्हा पुढे एव्हलिन होते, आणि युद्धानंतर परत आलेल्या आईस ती परकी झालेली असते. आईवडील वारले की वाचले, एवढ्यावरच अशा मुलाचे दुःख ठरत नाही; ज्या भाषेत आई हाक मारते ती भाषा हरवणे हेही त्यात येते. त्याच नाटकात सीमेवरचा नाझी अधिकारी, इंग्रज व्यवस्थापक, टपालवाला अशा अनेक भूमिका एकच नट करतो. अनेक भूमिका एका नटाने करण्याची ही रीत आपल्या लोकनाट्यास नवी नाही. मिशनचा अधिकारी आणि आर्यसमाजी कार्यकर्ता या दोन्ही भूमिका एकाच नटास दिल्या, तर मुलाच्या दृष्टीने दोघांत साम्य काय होते हे एकही भाषण न लिहिता सांगता येईल.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की एवढ्या विवेकाने नाटक जड होईल, आणि रात्रभर बसलेल्या प्रेक्षकास याद्या, नियम व सरकारी धोरणे यांत रस नसतो. या आक्षेपात तथ्य आहे. पण ते मांडणीपुरते. चाळणी ही रंगमंचावर व्याख्यानाने दाखवावयाची नसून कृतीने दाखवावयाची असते. यादी वाचली जाते, एक नाव येत नाही, एक हात सुटतो. एवढी कृती कोणत्याही गावच्या प्रेक्षकास कळते. दुष्काळात, फाळणीत, धरणाखाली अथवा पोटासाठी गाव सोडण्याचा अनुभव या महाराष्ट्रात इतका विस्तृत आहे, की या विषयाचे प्रेक्षक शोधावे लागणार नाहीत.

विद्यार्थ्यांनी या विषयाकडे वळताना एक क्रम ध्यानी ठेवावा. प्रथम चाळणी शोधावी : कोण नेले गेले, कोण राहिले, आणि ते कोणी ठरविले. मग पुरावा कोणाच्या हातचा आहे ते पाहावे : मुलाच्या, उद्धारकाच्या, की सरकारच्या. त्यानंतर भाषेचा निर्णय करावा, आणि पात्रांची व नटांची विविधता सर्वांत शेवटी ठरवावी. पहिल्या तीन गोष्टी साधल्या तर ती बहुतांशी आपोआप ठरते. मध्य प्रांतातील दुष्काळाच्या मुलांविषयी जिल्ह्याजिल्ह्यांतील जुने कागद, अनाथालयांच्या नोंदवह्या आणि दुष्काळ-अहवाल या दृष्टीने वाचण्याचे काम विदर्भातील विद्यापीठांनी हाती घेण्यासारखे आहे. एखाद्या नोंदवहीत नव्या नावापुढे जुने नाव, गाव आणि बोली यांची एक ओळ सापडली, तरी त्या मुलाच्या वतीने बोलण्याचा अधिकार नाटककारास त्या ओळीपुरता मिळेल.